कळा सोसणाऱ्या बाईजवळ या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बाळंतपणं करण्यात माझी बावीस वर्षं गेली. नवीन सिस्टर पोरी हुशार असतात, पण एक चूक दरवर्षी बघते. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं नसतं आणि यांचं "जोर लाव, जोर लाव" सुरू झालेलं असतं.

तोंड १० सेंटीमीटर उघडायच्या आत जोर लावला तर बाळ खाली येत नाही. तोंडाला सूज येते, बाईचा दम संपतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा रात्रपाळीला आले, तर एक पहिलटकरीण टेबलावर उताणी पडलेली. ओठ सुकलेले, पाय थरथरत होते. दोन तास तिच्याकडून जोर लाववला होता. तपासलं तर ७ सेंटीमीटर, पुढची कड सुजलेली. "बाई, आता मले नाही होत," एवढंच बोलली.

आधी तिला लघवीला नेलं. भरलेली लघवीची पिशवी डोक्याची वाट अडवते, आणि कोणी विचारलंच नव्हतं. मग डाव्या कुशीवर निजवलं. तिची माय व्हरांड्यात बसून होती, तिला आत घेतलं. बोंडांनी ओरखडलेल्या बोटांनी ती लेकीचे केस मागे सारत राहिली, घोटघोट पाणी पाजत राहिली. प्रत्येक कळेला मी माकडहाडाच्या वर तळहात घट्ट दाबून धरायची. जोर यायला लागला की सांगायची, "फुंकर मार बेटा, चुलीत मारतेस तशी." दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकत होते. मध्यरात्र उलटल्यावर तोंड पूर्ण उघडलं आणि तिनं स्वतःच जोर लावला. मला ओरडावं लागलं नाही.

सोबतीणीला बाहेर काढू नका. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यात तिला आत ठेवायची मुभा दिली आहे. "गर्दी होते" हे कारण मला पटत नाही, एका मायनं कसली गर्दी होते?

पोट दाबून बाळ ढकलायचं नाही. कधीच नाही.

लवकर मोकळं व्हावं म्हणून बाळ व्हायच्या आधी ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवणारं, इंजेक्शन टोचणाऱ्यांचा मला संताप येतो. त्यानं गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. बाळ झाल्यावर रक्तस्राव रोखायला देतो ते १० युनिट वेगळे.

जोखीम नसेल तर उपाशी ठेवू नका, पेज किंवा गोड चहा द्या. फिरू द्या.

आणि "तेव्हा नाही का कळलं?" असले टोमणे. लाज वाटायला पाहिजे. कळेत ऐकलेला शब्द बाई जन्मभर विसरत नाही.

पाणी हिरवं आलं, बाळाचे ठोके मिनिटाला ११० च्या खाली किंवा १६० च्या वर राहिले, अंगावरून रक्त गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाठ चोळत बसू नका. लगेच १०८ बोलवा. गाडीत मी स्वतः बसते, आणि तालुक्याला पोचेपर्यंत तिचा हात माझ्या हातात असतो.