मूल वाचनाला कंटाळलंय? आधी या चुका थांबवा

"आधी एका बैठकीत पुस्तक संपवायचा, आता हातात घेतलं की जांभया." मुलांचं वाचनालय सांभाळायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्याच्या पुढचंही मला पाठ झालंय: "काहीतरी चांगलं द्या, म्हणजे गोडी लागेल." पुस्तक मी देतेच. पण बहुतेक वेळा खोट पुस्तकात नसते आणि मुलातही नसते. घरी गेल्यावर त्या पुस्तकाचं जे काही होतं, त्यात असते. तेच ते घोळ बघून वैताग आलाय म्हणून लिहायला बसले. सूर मध्येच चढला तर समजून घ्या.

कंटाळा म्हणजे आळस, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिते.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला "मला हे जमत नाही" म्हणायची लाज वाटते. "कंटाळा येतो" म्हटलं की अब्रू शाबूत राहते. तिसरी-चौथीच्या सुमारास ही तक्रार एकदम वाढते आणि त्याला कारण आहे. तोवरच्या पुस्तकांत ओळखीचे शब्द, आटोपशीर वाक्यं आणि पानभर चित्रं असतात. मग मजकूर दाट होतो, चित्रं आटतात, आणि रोजच्या बोलण्यात कधी न आलेले शब्द ओळीओळीला भेटायला लागतात. वाचनावर आयुष्यभर काम केलेल्या जीन चॉल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चौथीच्या आसपासच्या या घसरणीबद्दल लिहून ठेवलंय. आपण मात्र ती घसरण दिसली की मुलाला आळशी ठरवून मोकळे होतो.

असाच चौथीतला एक मुलगा. वडील घेऊन आले होते. "मोबाइलने वाटोळं केलंय याचं," इथपासून सुरुवात. पिशवीतून त्यांनी शाळेचं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "वाच रे, दाखव बाईंना." मुलाने घडाघडा वाचून दाखवलं. जरा जास्तच घडाघडा. नजर पानावर कमी आणि वडिलांकडे जास्त होती. पान त्याला तोंडपाठ होतं.

मी सापांवरचं एक पुस्तक काढलं. त्याने ते कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच ओळीत 'पर्वताच्या'चं 'परवाच्या' झालं, पुढे 'प्रयत्न'चा 'प्रश्न', 'स्थिती'चं 'स्थिर'. पहिलं अक्षर बघायचं, शब्दाची लांबी बघायची आणि बाकीचं ठोकून द्यायचं, असा त्याचा कारभार चालला होता. बिचाऱ्याचा दोष तरी किती म्हणायचा? आपल्या लिपीत रफार उच्चारायचा आधी, पण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पहिली वेलांटी दिसते आधी आणि उच्चारायची नंतर. त्यात जोडाक्षर आलं की ती त्या अख्ख्या जोडाक्षराच्या अलीकडे जाऊन बसते. सरावलेल्या डोळ्यांना यातलं काहीही जाणवत नाही. हा मुलगा मात्र प्रत्येक ओळीत तिथेच ठेचकाळत होता. वाक्य संपेपर्यंत सुरुवात काय होती, ते विसरलेला. अशा वाचनात गोष्ट हाताला लागणार कशी?

पुढचं पान मी त्याला वाचून दाखवलं. साप कात टाकतो तो भाग होता. पोरगा खुर्चीतून पुढे सरकला, टेबलावर कोपरं टेकली आणि विचारलं, "मग डोळ्यावरची पण निघते?" निघते. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातेबरोबर उतरतो. वडील माझ्याकडे बघत राहिले. मुलगा पुस्तकाला कंटाळलेलाच नव्हता. अक्षरांशी झटून दमला होता.

हे घरी तपासायला दहा मिनिटं पुरतात. अनोळखी पुस्तकातलं एक पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि त्यात काय होतं ते विचारा. मग पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा. ऐकलेलं नीट सांगतो पण वाचलेलं सांगता येत नाही, तर अडचण अक्षरओळखीत आणि ओघात आहे. वाचतो सुरेख पण ऐकूनही कळत नाही, तर शब्द आणि विषयाची माहिती कमी पडतेय. दोन्ही जमतंय तरी वाचत नाही, तर पुस्तकाची निवड किंवा घरचं वातावरण बघा. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 साली मांडलं होतं की वाचून समजणं हा अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार आहे. बेरीज नव्हे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असो, उत्तर शून्यच. म्हणून अक्षरांशी झुंजणाऱ्या मुलाला 'छान छान' पुस्तकं आणून काही होत नाही.

उपाय कंटाळवाणा वाटेल असा आहे, आणि वडिलांना तो तसाच वाटला. शंभरेक शब्दांचा एक परिच्छेद घ्यायचा. आधी मोठ्यांनी वाचायचा, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. अडखळणं गेलं की नवा परिच्छेद. एकच मजकूर फिरून वाचायची ही पद्धत एस. जे सॅम्युएल्स या अमेरिकन अभ्यासकांनी 1979 साली मांडली. पुढे 2000 साली अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञसमितीच्या अहवालातही, मोठ्यांच्या मदतीने असं मोठ्याने वाचल्यावर ओघ सुधारतो असंच आलं. "तेच तेच वाचून आणखी कंटाळेल," वडील म्हणाले. कंटाळतो तो मोठा माणूस. काल जिथे ठेचकाळलो तिथून आज सरळ गेलो, हे मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू येतं, आणि त्याची मजा काही औरच असते.

मध्ये वडिलांची घाई झालीच. आठवडा उलटतो न उलटतो तोच ते विज्ञानाचा एक जाडजूड ग्रंथ मागायला आले. मी दिला नाही. त्याऐवजी मुलाला सापांचीच आणखी पातळ पुस्तकं दिली. पुढे तो पाली, सरडे, मगरी असा सरपटत गेला. कथा-कादंबऱ्यांना त्याने अजूनही हात लावलेला नाही, आणि मला त्याची फिकीर नाही.

'आता मोठा झालास' म्हणून जाड पुस्तक देणं

वरच्या चुकीचीच ही धाकटी बहीण. प्रगती म्हणजे जाडी, अशी एक समजूत घट्ट रुतून बसली आहे. माझी सवय साधी आहे. मधलं कुठलंही पान उघडायचं, मुलाला वाचू द्यायचं, आणि अनोळखी शब्द आला की एक बोट मिटायला सांगायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायचं नाही. तुम्ही वाचून दाखवा, नाहीतर सहा महिन्यांनी आणा.

मात्र एक अपवाद मी कायम करते. मुलाला ज्या विषयाचं वेड आहे, त्यावरचं पुस्तक अवघड असलं तरी देते. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या अर्ध्या डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. सापवाल्याला 'विषग्रंथी' हा शब्द तिसऱ्यांदा सांगावा लागला नाही, त्याचं मला नवल वाटलं नाही.

प्रत्येक पानाची परीक्षा घेणं

ही माझी दुसरी लाडकी डोकेदुखी. मूल वाचतंय आणि शेजारी कुणीतरी जल्लाद बसल्यासारखं बसलंय. 'ण' चुकला, थांब. काना राहिला, थांब. या शब्दाचा अर्थ सांग. बरं, तात्पर्य काय? गाणाऱ्याला दर सुरावर थांबवलं तर तो गाणं सोडून देईल. मुलंही तेच करतात आणि आपण त्याला वाचनाचा तिटकारा म्हणतो.

चूक झाली की मी मनातल्या मनात पाच अंक मोजते. बऱ्याचदा दोन-तीनपर्यंत मूल स्वतःच मागे वळतं, कारण वाक्य कानाला विचित्र लागतं. हे मागे वळणं सोन्यासारखं आहे. तुम्ही आधीच टोकलंत तर ते शिकायची संधीच गेली. पाच मोजूनही वळलं नाही तर शब्द सरळ सांगून टाकायचा, त्याने तो म्हणायचा आणि पुढे. "आठव बघू, काल सांगितला होता" वगैरे काही नाही. अर्थाला धक्का न लावणारी चूक, म्हणजे 'होतं'च्या जागी 'होते', मी कानाआड करते. ती धरून बसणाऱ्यांना व्याकरणाचा आनंद मिळत असेल, मुलाला काही मिळत नाही.

फार अडखळणारं मूल असेल तर जोडवाचन करा. दोघांनी एकाच वेळी, एकाच गतीने मोठ्याने वाचायचं. मुलाला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने कोपराने हलकेच ढोसायचं, तुम्ही गप्प व्हायचं. तो अडकला की शब्द सांगून पुन्हा सुरात सूर मिसळायचा. कीथ टॉपिंग यांनी या पद्धतीचा मोठा प्रसार केला. मला ती आवडते ती त्या ढोसण्यासाठी. मोठ्यांना गप्प बसवायचा अधिकार मुलांना एरवी मिळतो कुठे?

प्रश्न विचारायचेच असतील तर ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही असे विचारा. "तू असतास तर परत गेला असतास का?" हा प्रश्न. "रामूने किती आंबे आणले?" ही उलटतपासणी.

बक्षिसांचं आमिष

एका पुस्तकाला एक चांदणी, दहा चांदण्यांना खेळणं. पहिला आठवडा झकास जातो. दुसऱ्या आठवड्यात मुलं कपाटातली सगळ्यात बारीक पुस्तकं शोधायला लागतात. मी त्यांना दोष देत नाही, हिशेब त्यांचा बरोबर आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर आपणहून चित्रं काढायला कमी बसायला लागली. न सांगता, अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. तेव्हा कौतुक करायचं तर अवचित करा, दर ठरवून नको. आणि बक्षीस द्यायचंच तर पुढचा भाग द्या.

चित्रकथा, विनोद, एकाच मालिकेचे भाग 'खरं वाचन' नाही म्हणणं

आहे. मालिकेत पात्रं आणि शब्द ओळखीचे असल्याने दुसऱ्या भागापासून ओझं कमी होतं. अडलेलं मूल मला बऱ्याचदा तिथेच सुटलेलं दिसलंय.

पुस्तक पुरं करायची सक्ती

वीस पानांत रमलं नाही तर परत करा. तुम्ही स्वतः अर्धवट टाकलेली पुस्तकं मोजा आधी.

वाचता यायला लागलं म्हणून वाचून दाखवणं बंद करणं

ज्या दिवशी मूल शिकलं, त्याच दिवशी आईच्या कुशीतली गोष्ट गेली. शिकल्याची ही भारीच शिक्षा! मुलांना जे वाचून पेलत नाही ते ऐकून पेलतं, आणि मोठ्या पुस्तकांतले शब्द कानात पडतात ते असेच. दहावर्षाच्यालाही वाचून दाखवा. नको म्हणेल तेव्हा थांबा.

झटपट मार्ग

वेगवाचनाचे वर्ग, महिन्यात अमुक पुस्तकांचं आव्हान, गुण देणारी अ‍ॅप्स. माझं मत विचारलंत तर ही सगळी पालकांच्या अधीरतेवर चालणारी दुकानं आहेत. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी 2016 साली वेगवाचनाच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्याचं सार इतकंच, की वेग खूप वाढवला की समज घटते. सातवर्षाच्या मुलाला मिनिटाला किती शब्द वाचतो ते घड्याळ लावून मोजणाऱ्या पालकांशी मी वाद घालत नाही. घड्याळ मागून घेते आणि जाताना परत देते.

'किती दिवसांत फरक पडेल?'

रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, टीव्ही बंद ठेवून. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. वेग सगळ्यात शेवटी येतो, तिकडे बघू नका. आधी मूल स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करायला लागतं. मग प्रश्नचिन्हापाशी आवाज वर जातो, संवाद आला की सूर बदलतो. मग एक दिवस तुम्हाला मध्येच थांबवून एखादी ओळ ऐकवतं.

दोन-तीन महिने हे नियमाने करूनही यातलं काहीच दिसलं नाही तर वाट बघत बसू नका. आधी डोळे तपासा, आणि नेत्रतज्ज्ञांना जवळची नजर बघायला आवर्जून सांगा. लांबच्या तक्त्यावरची अक्षरं बिनचूक वाचणाऱ्या मुलालाही पुस्तकाच्या अंतरावर दोन्ही डोळे एकत्र लावून ठेवणं जड जात असू शकतं. ओळी गाळणं, एक डोळा झाकून वाचणं, वाचल्यावर डोकं दुखणं या त्याच्या खुणा. कानही तपासून घ्या. ते सगळं ठीक असेल तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं वाचण्यातच मुळात येणाऱ्या अडचणीची, रीतसर चाचणी करून घ्या. या अडचणीचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि अशा मुलांना अक्षर-ध्वनीचं नातं पायरीपायरीने शिकवणारा माणूस लागतो. ते काम माझ्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकाच्याने होत नाही.