लाकडी मालाचा नमुना कारखान्यात कसा तयार करावा

जळगावच्या एमआयडीसीत आमची सुतारकामाची शेड आहे. एका मे महिन्यात कोकणातल्या एका हॉटेलसाठी आम्ही सागाच्या बैठ्या टेबलांचा नमुना केला. वखारीतली सगळ्यात देखणी फळी निवडली, सगळ्यात हुशार मिस्त्रीला कामाला बसवलं आणि फळीला खालून आठ स्क्रू घट्ट मारले. नमुना बघताक्षणी पास झाला. त्याच पद्धतीने पुढची चाळीस टेबलं गेली आणि जुलैत तक्रार आली की वरच्या फळ्या फुगल्या आहेत, चौकटींचे कोपरे उलले आहेत. सगळा माल परत आणून दुरुस्त करून दिला. चूक आमच्या नमुन्यातच होती. तो आमच्या मिस्त्रीची कारागिरी दाखवत होता. कारखाना चाळीस वेळा काय करू शकेल, हे त्याने सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून नमुना करायची जी रीत आम्ही बसवली, ती इथे देतो. उदाहरण टेबलाचं आहे, पण स्टूल, पाट, चौरंग, कपाट कशालाही ती लागू पडते.

पहिली पायरी : नमुना कशासाठी, ते ठरवा

एकाच नमुन्याकडून सगळी उत्तरं मागू नका. आम्ही तीन वेगवेगळे नमुने करतो. पहिला मापाचा. तो खोक्याच्या पुठ्ठ्याचा, पॅकिंगच्या लाकडाचा किंवा टाकाऊ प्लायचा चालतो, मात्र पूर्ण आकाराचा हवा. दुसरा कामाचा, म्हणजे खऱ्या लाकडाचा आणि खऱ्या सांध्यांचा. तो मोडायचाच आहे असं धरून करा. तिसरा मंजुरीचा, ज्यावर गिऱ्हाईक सही करतं.

पुठ्ठ्याच्या नमुन्याला लोक हसतात, पण तासाभराच्या त्या कामाने दोन दिवस वाचतात. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर उंच असते. कागदावर हे बरोबरच दिसतं. प्रत्यक्ष बसलं की आडव्या पट्टीला गुडघा लागतो, तो कागदावर लागत नाही. एका उंच आणि एका बुटक्या माणसाला बसवून बघा.

दुसरी पायरी : लाकूड ऑर्डरचंच घ्या

नमुन्याला एक लाकूड आणि ऑर्डरला दुसरं, असं कधीही करू नका. साग घ्यायचा तर वखारीतून पक्की पावती आणि वाहतूक परवान्याची प्रत मागून घ्या, आणि पुढचा लॉट त्याच प्रतीचा मिळेल ना, हे आधी विचारा. खानदेशात बांधावरची बाभूळ भरपूर मिळते. ती चिवट आणि कणखर असते, बैलगाडीच्या चाकांना उगाच वापरत नसत. पण वाळली की ती हत्यारांची धार लवकर मारते. म्हणून बाभळीच्या नमुन्याला किती वेळ लागला, हे सागाच्या हिशेबाने धरू नका. फळीच्या कडेला पांढरं, कोवळं लाकूड असेल तर ते किती चालवायचं तेही इथेच ठरवा. त्याला कीड आधी लागते.

तिसरी पायरी : ओलावा मोजा

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आमची चाळीस टेबलं इथेच फसली.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी होते. शेडमध्ये रचलेलं लाकूड तेव्हा साधारण ६-७ टक्के ओलाव्यावर उतरतं. श्रावणात तेच लाकूड १४ टक्क्यांच्या आसपास जातं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. फळीच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या टोकाला, झाडाच्या वाढीची वलयं आडवी दिसत असतील, तर ओलाव्याच्या दर एका टक्क्याला साग रुंदीत सुमारे ०.२ टक्के वाढतो किंवा आटतो. वलयं उभी असतील तर साधारण त्याच्या निम्मा. आमची फळी ६०० मिलिमीटर रुंद होती आणि तिची वलयं आडवी होती. ओलावा ७ टक्के वाढला, म्हणजे फळी सुमारे ८ मिलिमीटर वाढणार. आठ घट्ट स्क्रूंनी तिला वाढायला जागाच ठेवली नव्हती.

ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर मिळतं, जरूर घ्या. मात्र ते वरवरचा ओलावा दाखवतं. फळी मधोमध कापून ताज्या कापावर पिना रोवल्या तर खरा आकडा कळतो. मीटर नसेल तर भट्टीची पद्धत वापरा. फळीच्या टोकापासून निदान फूटभर आत, पूर्ण रुंदीचा एक इंचाचा तुकडा कापा, कारण टोकं आधीच वाळलेली असतात. लगेच वजन करा. मग १०३ अंशांच्या भट्टीत ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. साधारण एक दिवस जातो. समजा आधी १६८ ग्रॅम होता, नंतर १५० भरला. फरक १८, त्याला १५०ने भागलं की १२ टक्के. भागायचं ते कोरड्या वजनाने, ओल्या नव्हे.

किती टक्के हवा, हे माल कुठे जाणार त्यावर ठरतं. धुळ्यात किंवा भुसावळला वापरायच्या वस्तूला ८ ते १० टक्के ठीक. समुद्रकाठी जायचा माल १२ ते १३वर ठेवा. फळ्या रचताना मध्ये सारख्या जाडीच्या काठ्या एकावर एक, एका रेषेत ठेवा, नाहीतर फळ्या वाकतात. आमचे थोरले मिस्त्री अहिराणीत म्हणतात, ‘भाऊ, लाकूडले घाई चालस नही.’ गिऱ्हाइकाचा फोन चालू असताना हे ऐकणं जड जातं, तरी ऐकावं.

चौथी पायरी : यादी करा आणि कापा

प्रत्येक भागाचं नाव, नग, पक्कं माप आणि कच्चं माप लिहा. कच्च्या मापाला जाडी-रुंदीत ५-६ मिलिमीटर आणि लांबीत २५ मिलिमीटर वाढवून धरा. करवतीच्या पात्यात दर कापाला ३ मिलिमीटर जातात, तेही मोजा. नमुन्याला खरोखर किती घनफूट लाकूड लागलं, किती वाया गेलं, ते त्याच कागदावर टिपा. पुढे भाव याच आकड्यावर ठरतो.

पाचवी पायरी : सांधे आधी तुकड्यावर

कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ, साधारण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. आधी टाकाऊ तुकड्यात भोक पाडा आणि कुसू बसवून बघा. हाताच्या दाबाने आत जाऊन उलटं धरल्यावर पडत नसेल, तर बसला. हातोडीने ठोकावा लागला तर भोकाची कड फुटते आणि गोंद सगळा बाहेर येतो.

टेबलाची फळी चौकटीला बसवताना स्क्रूला गोल भोक पाडू नका. रुंदीच्या दिशेने लांबट भोक पाडा, किंवा चौकटीच्या आतून खाच मारून त्यात लाकडी बटणं, म्हणजे फळीला खालून स्क्रूने धरलेले छोटे ठोकळे, अडकवा. फळी मध्यावर घट्ट धरा आणि दोन्ही कडांना हलायला मोकळीक ठेवा. आता आमचं प्रत्येक टेबल असंच बनतं.

उन्हाळ्यात गोंद लावायचं काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी क्लॅम्प आवळायच्या आधीच गोंदावर साय धरते. असा सांधा वरून पक्का दिसतो आणि आतून पोकळ राहतो.

सहावी पायरी : ऑर्डर करणाऱ्या हातांनीच करा

कामाचा नमुना एकदा जमला की मंजुरीचा नमुना रोजच्या मशीनवर, रोजच्या कारागिराकडून करून घ्या. थोरल्या मिस्त्रीने बाजूला उभं राहून फक्त बघावं. कारागीर जिथे अडतो, तिथे त्याच्यासाठी साचा करा : भोकाची जागा धरणारी पट्टी, तिरक्या पायाचा कोन धरणारा ठोकळा. प्रत्येक कामाला लागलेली मिनिटं लिहा. या पायरीत नमुना थोडा कमी सुबक येतो. येऊ द्या, गिऱ्हाइकाला तोच माल मिळणार आहे.

सातवी पायरी : पॉलिश

त्याच फळीच्या तुकड्यांवर ८०, १२०, १८० नंबरचा पेपर क्रमाने मारा, मग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर), मग रंग. प्रत्येक थरानंतर एक तुकडा बाजूला काढून त्यावर पेन्सिलने टिपा. घासताना नाकाला मास्क हवाच. सागाचा भुसा बारीक असतो आणि त्याने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

आठवी पायरी : त्रास द्या

कामाच्या नमुन्यावर तांदळाची पोती ठेवा आणि रात्रभर राहू द्या. एका बाजूचे पाय उचलून खाली सोडा, पुन्हा पुन्हा. मग आमची खास चाचणी : नमुना बंद लोखंडी कपाटात ठेवायचा, शेजारी पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट. आत जाण्याआधी फळीची रुंदी मोजून ठेवायची आणि दर चार दिवसांनी पुन्हा मोजायची. तीन आठवड्यांनी सांधे तपासले की पावसाळ्यात काय होणार ते बरंचसं उन्हाळ्यातच कळतं. सरकारी किंवा संस्थेच्या ऑर्डरला खुर्ची-स्टूल द्यायचं असेल तर भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७६३२ आधी वाचा. टेबलासाठी आयएस १७६३३ आहे.

नववी पायरी : मंजुरी

मंजुरीचे दोन सारखे नग करा. दोन्हींवर तळाशी तारीख, क्रमांक आणि दोघांच्या सह्या. एक गिऱ्हाइकाकडे, एक तुमच्याकडे. सोबत दोन छोट्या पट्ट्याही मंजूर करून घ्या : एक चालेल इतकी फिकट, एक चालेल इतकी गडद. लाकडाचा रंग झाडागणिक बदलतो, आणि ही दोन टोकं ठरलेली नसतील तर प्रत्येक नगावर वाद होतो. आपल्याकडचा नग कापडात गुंडाळून अंधारात ठेवा. उजेडात सागाचा रंग बदलतो आणि मग तुलनेला काही उरत नाही.

त्यानंतर पूर्ण ऑर्डर सुरू करण्याआधी पाच नग काढा. त्यांत काही बदलावं लागलं तर नवा क्रमांक देऊन नवा नमुना मंजूर करून घ्या, आणि जुन्या नमुन्याचा एक पाय त्याच दिवशी करवतीने कापून टाका. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी घाईत त्याच्यावरूनच मापं घेतो.