ब्लेंड कर्व्ह गुळगुळीत येत नाही? या चुका टाळा

स्क्रीनवर कर्व्ह सुरेख दिसतो, रेंडरही देखणा येतो. मग मोल्डमधून पहिला चकचकीत पार्ट बाहेर पडतो, त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि जिथे दोन कर्व्ह जोडले होते नेमकं तिथेच ते मुडपतं. अशा वेळी बहुतेक जण ब्लेंड, म्हणजे दोन कर्व्हची टोकं जोडणारा मधला कर्व्ह, पुसतात, पुन्हा काढतात आणि तासभर हँडल (आकार बदलण्यासाठी खेचायचे बिंदू) ओढत बसतात. खरं तर ब्लेंडची कमांड सांगितलेलं काम चोख करत असते. गडबड असते ती तिच्या डाव्या-उजव्या बाजूच्या कर्व्हमध्ये, नाहीतर आपण तिच्याकडे नेमकं काय मागितलं त्यात. खालची उदाहरणं राइनो आणि ऑटोकॅड या डिझाइन सॉफ्टवेअरमधली आहेत. सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजनवर काम करणाऱ्यांनी कमांडची नावं तेवढी बदलून घ्यावीत.

टँजंट झालं म्हणजे गुळगुळीत झालं, असं समजणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. दोन कर्व्हची टोकं नुसती टेकली तर जी०. टेकली आणि दिशाही जुळली तर जी१, म्हणजेच टँजंट. दिशेसोबत वक्रताही जुळली तर जी२. वक्रता म्हणजे १ भागिले त्रिज्या. सरळ रेषेची वक्रता शून्य, १० मिमी त्रिज्येच्या कंसाची ०.१. आता सरळ रेषेला आर १० चा फिलेट (१० मिमी त्रिज्येचा गोल कोपरा) दिला की दिशा तंतोतंत जुळते, पण वक्रता एका बिंदूत शून्यावरून ०.१ वर उडी मारते. चकचकीत पृष्ठभागावर प्रकाशाला ती उडी लगेच सापडते.

यंत्रालाही ती जाणवते. समजा राउटरचं (कोरणाऱ्या यंत्राचं) टूल मिनिटाला ६ मीटर फीडने चाललंय, म्हणजे सेकंदाला १०० मिमी. सरळ रेषेवर आडवा प्रवेग शून्य असतो. आर १० च्या कंसात शिरताक्षणी तो १०० चा वर्ग भागिले १० इतका, म्हणजे १ मीटर प्रति सेकंद वर्ग व्हावा लागतो, तोही अचानक. मग यंत्र हिसका देतं किंवा कंट्रोलर वेग कमी करतो. रेल्वेवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय: सरळ रुळावरून गाडी थेट वर्तुळाकार वळणात घालत नाहीत, मध्ये संक्रमण वक्र टाकतात. भारतीय रेल्वे त्यासाठी घन परवलय वापरते.

राइनोत ब्लेंडकर्व्ह कमांड चालवताना दोन्ही टोकांना ‘कर्व्हेचर’ निवडलंय का ते बघा. मागच्या वेळची सेटिंग तशीच राहिलेली असू शकते. ऑटोकॅडमध्ये ब्लेंड कमांड २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. तिच्यात कंटिन्युइटीचे दोन पर्याय मिळतात. ‘टँजंट’ने तीन डिग्रीची (समीकरणात तिसऱ्या घातापर्यंतची) स्प्लाइन, म्हणजे बिंदूंवरून आकार घेणारा मुक्त वक्र, आणि जी१ मिळतं, ‘स्मूद’ने पाच डिग्रीची स्प्लाइन आणि जी२. ‘स्मूद’ने काढलेल्या स्प्लाइनचं प्रदर्शन कंट्रोल व्हर्टायसेसवरून (कर्व्हला आकार देणारे कंट्रोल पॉइंट) फिट पॉइंट्सवर (कर्व्ह ज्यांतून जातो ते बिंदू) बदलू नका. तसं केलंत तर ती तीन डिग्रीची होते आणि आकार बदलतो. नुसतं बघण्यासाठी केलेला क्लिक जोड बिघडवून जातो आणि कारण कळत नाही.

तरी जिथे तिथे जी२ चा हट्ट धरू नका. आतली रिब (आधाराची पट्टी), ब्रॅकेट, शीट मेटलचा कोपरा यांना साधा फिलेटच बरा. त्याचं माप ड्रॉइंगवर लिहिता येतं, गेजने तपासता येतं. हाताला लागणारा, उजेडात दिसणारा किंवा हवेला-पाण्याला भिडणारा भाग असेल तिथे जी२ वर वेळ घालवा.

डोळ्यांनी पास करणं

जी१ आणि जी२ मधला फरक स्क्रीनवर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कितीही झूम करा, उलट झूम केल्यावर प्रत्येक कर्व्ह सरळच वाटतो. राइनोतला कर्व्हेचर ग्राफ, सॉलिडवर्क्समधले कर्व्हेचर कोंब, यांशिवाय निकाल देऊ नये. कर्व्हवर कंगव्यासारखे दात उभे राहतात आणि जिथे वक्रता जास्त तिथे दात लांब असतात. जोडाच्या बिंदूवर दोन दात वेगवेगळ्या दिशांना कललेले असतील तर टँजंटसुद्धा जुळलेलं नाही. दिशा एक पण उंची वेगळी, तर जी२ नाही. उंची जुळली, पण दातांच्या टोकांवरून जाणारी रेषा तिथे टोकदार मोडते, तर जी३ नाही. बऱ्याच कामांत तेवढं चालून जातं.

ग्राफचं स्केल मात्र सांभाळा. स्केल अगदी कमी ठेवलं तर कुठलाही कर्व्ह निर्दोष वाटतो, अवाच्या सवा वाढवलं तर चांगलाही भयंकर दिसतो. ब्लेंड आणि त्याचे दोन्ही शेजारी एकदम निवडून एकाच स्केलवर बघा.

आकडे हवे असतील तर राइनोत जीकॉन ही कमांड आहे. ती टोकांमधलं अंतर, दिशेतला फरक आणि वक्रतेचा फरक सांगते आणि शेवटी जी० की जी१ की जी२ असा शेरा देते. केवळ शेऱ्यावर जाऊ नका. राइनोत कोनाचा टॉलरन्स (चालवून घेतलेला फरक) मुळात १ अंश असतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण अंशाची चूक असूनही शेरा ‘पास’ येऊ शकतो. क्रोम प्लेटिंग होणाऱ्या पार्टवर अर्धा अंश पुष्कळ झाला.

शेजारी खराब असताना ब्लेंडला राबवणं

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं. जी२ ब्लेंड शेजारच्या कर्व्हच्या टोकावरची वक्रता जशीच्या तशी उचलतो. ते टोकच विचित्र असेल, तर ब्लेंड तो विचित्रपणा इमानदारीने पुढे नेतो. फोटोवरून ट्रेस केलेला, स्कॅनवरून आलेला किंवा क्लिक करत करत काढलेला कर्व्ह तपासला तर शेवटच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये एक बारीक आकडी सापडते: वक्रता एकदम वाढलेली, कधी उलट्या दिशेला गेलेली. मग ब्लेंडमध्ये एस आकाराची लाट येते आणि दोष मात्र ब्लेंडच्या माथी बसतो.

उपाय साधा आहे. आधी शेजाऱ्यांचा ग्राफ बघा. आकडी फक्त टोकालाच असेल तर तेवढं टोक ट्रिम करून मागच्या स्वच्छ भागापासून ब्लेंड काढा. पूर्ण कर्व्हच लाटालाटांचा असेल तर तो कमी कंट्रोल पॉइंट्सवर रीबिल्ड करा (नव्याने बांधा), मूळ आकारापासून किती सरकला ते तपासा, आणि मगच ब्लेंडला हात घाला. क्रम उलटा करू नका. ब्लेंड काढून झाल्यावर शेजारी रीबिल्ड केलात की त्याच्या टोकाची दिशा आणि वक्रता बदलते आणि जोड सुटतो. मूळ कर्व्ह हलवला तरी तेच. ऑटोकॅडचा ब्लेंड तर शेजाऱ्यांच्या मागे आपोआप जातच नाही, तो पुन्हाच काढावा लागतो.

कंट्रोल पॉइंट कमी का, यालाही हिशेब आहे. जी२ साठी प्रत्येक टोकाचे पहिले तीन पॉइंट कामाला लागतात. दोन टोकांचे मिळून सहा, म्हणजे पाच डिग्रीचा एकसंध कर्व्ह. हे गणित मोटारगाड्यांच्या कारखान्यांतून आलं. फ्रान्समध्ये सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी ते १९५९ मध्ये मांडलं, पण कंपनीने ते बाहेर जाऊ दिलं नाही. रेनोच्या पिएर बेझिए यांनी ६० च्या दशकात आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून अशा कर्व्हला नाव त्यांचं लागलं. सहा पॉइंटमध्ये होणाऱ्या कामाला तीस पॉइंट घातले, तर उरलेले चोवीस फक्त लाटा काढायला मोकळे असतात.

जॉइन केलं की जोड सुधारतो, हा गैरसमज

सुधारत नाही. जॉइन किंवा ऑटोकॅडच्या पीएडिट कमांडने दोन तुकडे एका नावाखाली येतात, कोपरा होता तिथेच राहतो. एकदा जॉइन झालं की तो शोधणं तेवढं अवघड होतं.

जागा न ठेवता जी२ मागणं

कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मिमीवर सुरू होणारा आर १० चा फिलेट काढून त्याच दोन बिंदूंत जी२ ब्लेंड बसवला, तर मधली त्रिज्या १० राहत नाही. वळायचं तेवढंच ९० अंश, पण सुरुवात आणि शेवट शून्य वक्रतेवर, त्यामुळे राहिलेलं वळण मधल्या भागात कोंबलं जातं. हँडल कुठे आहेत त्यानुसार तिथली त्रिज्या ७, कधी ५ मिमीपर्यंत उतरते. आर ८ चं कटर त्या आतल्या कोपऱ्यात जाणार नाही आणि ते टूलरूममध्ये गेल्यावर कळेल. राइनोतली कर्व्हेचर कमांड कर्सरखालच्या बिंदूवरची त्रिज्या दाखवते. ब्लेंडच्या मध्यावर ती फिरवून बघा. किमान आर १० हवाच असेल तर सुरुवात १४-१५ मिमी मागून करा आणि पुन्हा मोजा.

हँडलच्या बाबतीत एक सवय लावून घ्या. शिफ्ट दाबून ओढलं की दोन्ही टोकांची हँडल सारखी सरकतात. आधी तसं करून ग्राफचा डोंगर मधोमध आणा, नंतर गरज पडली तरच एक बाजू वेगळी हलवा. हँडल गरजेपेक्षा लांब ओढलं तर मध्यभागी खोलगट होतं किंवा कर्व्ह स्वतःलाच छेदतो. कमांड सुरू होतानाच ब्लेंड भलत्या टोकाला जाऊन वळसा घालत असेल, तर क्लिक कर्व्हच्या चुकीच्या टोकाजवळ झालाय. दोन्ही सॉफ्टवेअर ज्या टोकाजवळ क्लिक कराल तेच टोक धरतात.

फक्त टॉप व्ह्यूमध्ये काम करणं

एका कर्व्हचं टोक झेडमध्ये (उंचीत) अर्धा मिलिमीटर वर असेल तर टॉप व्ह्यूमध्ये काहीच कळत नाही. ब्लेंड निघतो, पण तो सपाट नसतो आणि पुढे एक्स्ट्रूड करताना किंवा सरफेस बंद करताना अडतो. दुसऱ्याकडून आलेल्या डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या) फाइलवर सुरुवातीलाच फ्लॅटन (सगळं एका पातळीत आणणारी) आणि ओव्हरकिल (जादा रेषा काढणारी) या कमांड चालवून घ्या. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषाही त्यात निघून जातात. मात्र मुद्दाम थ्रीडी असलेल्या फाइलवर फ्लॅटन चालवू नका.

मिररच्या मध्यरेषेवरची धार

बाटली, हेल्मेट, स्कूटरचा पुढचा पॅनल: अर्धा काढायचा आणि मिरर करायचा. मधोमध धार येते, कारण अर्ध्या कर्व्हचं टोक मध्यरेषेला काटकोनात पोहोचलेलं नसतं. टोकाचे शेवटचे दोन कंट्रोल पॉइंट मध्यरेषेला लंब अशा एकाच ओळीत बसवा. ते जमलं की सपाट कर्व्हला जी२ आपोआप मिळतं, कारण आरशातल्या अर्ध्याची वक्रता त्या बिंदूवर तेवढीच असणार. ग्राफमध्ये मध्यावर टोक उरलंच, तर अर्धा कर्व्ह मध्यरेषेच्या थोडा अलीकडे कापा, कापलेला अर्धा मिरर करा आणि मधला तुकडा एकाच ब्लेंडने भरा.

व्हेंडरला स्प्लाइन तशीच पाठवणं

लेझर किंवा प्लाझ्मावाल्याचं जुनं सॉफ्टवेअर डीएक्सएफमधली (ड्रॉइंग देवाणघेवाणीची फाइल) स्प्लाइन वाचत नाही किंवा स्वतःच्या मर्जीने तिचे सरळ तुकडे करतं. मग पार्टच्या कडेला पैलू दिसतात. आधी विचारा: स्प्लाइन चालते का? चालत नसेल तर रूपांतर तुम्हीच करा. ऑटोकॅडमध्ये प्लाइनकन्व्हर्टमोड ही सेटिंग १ करून पीएडिट लावलं की स्प्लाइनचे सरळ तुकड्यांऐवजी कंस होतात. अचूकता ० ते ९९ मध्ये मागते आणि १० सुचवते. आकडा वाढवला की तुकडे वाढतात आणि फाइलही जड होते. कंसांची मालिका जी२ राहत नाही, पण पत्रा कापण्यापुरती ती पुरेशी असते.

मूळ स्प्लाइनची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. पुढे बदल आला आणि पॉलिलाइन झालेल्या कर्व्हवरूनच नवा ब्लेंड काढलात, तर तो शेवटच्या इवल्याशा तुकड्याची दिशा आणि त्रिज्या धरून निघेल, मूळ कर्व्हची नाही.