सबवूफर जोडताना वॅटआधी ओहम बघा

सांगली-मिरज रस्त्यावर काचा थरथरवत जाणारी गाडी सगळ्यांनीच पाहिलीय. तसा बास हवा असेल तर सबवूफरच्या, म्हणजे खोल बास वाजवणाऱ्या स्पीकरच्या, खोक्यावरचा ‘२००० वॅट’ आकडा आधी विसरा. तो क्षणभराचा कमाल आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे वॅट.

खरी गंमत ओहमची, म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाची. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, की अ‍ॅम्पला (स्पीकरला पॉवर देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) २ ओहम दिसतात. सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, जोडले तर ८. ओहम कमी तितका करंट जास्त, म्हणून वॅटही वाढतात. पण अ‍ॅम्प तेवढे कमी ओहम पेलणारा असेल तरच. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच केलेल्या, टू-चॅनल अ‍ॅम्पची मर्यादा बहुतेकदा ४ ओहम असते. त्याच्या गळ्यात २ ओहम बांधले की तो तापून प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःच बंद होतो), नाहीतर जळतो. ४-४ ओहमच्या दोन कॉइलचा (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा) एकच सबवूफर असला तरी हिशोब हाच: २ किंवा ८. दोन्ही कॉइल वापरून ४ मिळत नाही, तेव्हा अ‍ॅम्प बघूनच सबवूफर घ्या.

जोडणी झाली की अ‍ॅम्पकडची वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ४ ओहमला साधारण ३.२ ते ३.६ दिसेल; घाबरू नका, मीटरवर थोडं कमीच येतं.

मुख्य वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे तांब्याचा नुसता मुलामा असलेली स्वस्त वायर घ्यायचीच असेल तर निदान एक माप जाड घ्या.