अमेरिकेतून गावी पत्र पाठवायचं तर पत्ता दोनदा लिहा

माझी आत्या गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते, मी न्यू जर्सीत. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर धड बोलणं होत नाही. पत्र मात्र ती चष्मा लावून सावकाश, दोन-दोनदा वाचते. म्हणून मी अजून पत्रं लिहिते. "अगं, पण पोचतात का?" असं इथं कोणी विचारलं की मी ठामपणे सांगते, पोचतात. पत्ता नीट घातला पाहिजे.

पत्ता दोघांना वाचायचा असतो. इकडे आधी यंत्र वाचतं आणि तिकडे शेवटी गावचा पोस्टमन. यंत्राला देवनागरी चालत नाही. पोस्टमनला इंग्रजी वाचता येतं, पण वाड्यांची नावं रोमन लिपीत लिहिली की त्यांची पार मोडतोड होते. म्हणून पाकिटावर मी दोन्ही पत्ते घालते. उजवीकडे रोमन मोठ्या अक्षरांत, डावीकडे जरा वरच्या अंगाला मराठीत. अमेरिकी टपालखात्याला हे चालतं, फक्त शहर आणि देश इंग्रजीत असायला हवेत आणि आकडेही इंग्रजीच. पिन कोडचे ४१५ सारखे आकडे रोमन पत्त्यात देवनागरीत लिहू नका.

रोमन पत्त्याची शेवटची ओळ म्हणजे देशाचं नाव, 'इंडिया', पूर्ण आणि एकटं. पिन कोड त्याच्या वरच्या ओळीत, गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावाशेजारी. देशाच्या ओळीखाली काही लिहायचं नाही. पाकिटाच्या तळाशी बोटभर पट्टी कोरी सोडा, तिथं यंत्र बारकोड छापतं.

संक्षेप टाळा, हे मी सगळ्यांना बजावून सांगते. देशासाठी 'आय एन' लिहिलंत तर अमेरिकी टपालखात्याच्या लेखी ते इंडियाना राज्य. महाराष्ट्रासाठी गाडीच्या पाटीवरचं 'एम एच' लिहायची आपल्याला सवय असते, पण त्यांच्या यादीत 'एम एच' म्हणजे पॅसिफिकमधली मार्शल बेटं. गोव्याचं 'जी ए' तिथं जॉर्जिया होतं. महाराष्ट्र, गोवा, इंडिया, सगळं अक्षरन् अक्षर लिहा.

आता मराठी पत्ता. यात सगळ्यात जास्त घोटाळा 'मु. पो.'चा होतो. गावात स्वतःचं पोस्ट असेल तरच 'मु. पो.' एकत्र लिहायचं. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर 'मु.' पुढे आपलं गाव आणि 'पो.' पुढे पोस्टाचं गाव, मग तालुका, जिल्हा. पिन आहे ना, मग पोस्टाचं नाव कशाला, असं वाटतं. पण खेड्यातली शाखा डाकघरं ज्या मोठ्या पोस्टाला जोडलेली असतात त्याचाच पिन वापरतात, त्यामुळे एकाच पिनखाली कितीतरी गावं येतात. पिनने पत्र त्या मोठ्या पोस्टापर्यंत येतं, पुढची वाट गावाच्या आणि पोस्टाच्या नावानेच सापडते. वाडीचं नाव आणि घरातल्या कर्त्या माणसाचं नावही घाला. आत्याला माहेरच्या नावाने तिथं कोण ओळखणार? तिच्या नावाखाली मी घरातला मोबाइल नंबरही लिहिते, वाटलंच तर पोस्टमन फोन करतो.

पिनमधला पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो (४११ पुणे, ४०३ गोवा, रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक पिन ४१५ ने सुरू होतात) आणि शेवटचे तीन अंक पोस्टाचे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतातले कवी. एकाच नावाची ढीगभर गावं आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या नाना भाषा, यावर त्यांनी हा तोडगा काढला. पिन लिहिताना मला त्यांची हमखास आठवण येते.

तिकिटाचं काम सोपं आहे. 'ग्लोबल फॉरेव्हर' नावाचं गोल तिकीट मागा. ते २०१३ पासून आहे आणि एक औंसापर्यंतचं, म्हणजे २८ ग्रॅमचं पत्र कुठल्याही देशात नेतं. जुलै २०२५ मध्ये त्याची किंमत १ डॉलर ७० सेंट झाली. जुनी, स्वस्तात घेतलेली तिकिटंही आजच्या दराने चालतात, म्हणून दर वाढणार असं कळलं की मी आधीच घेऊन ठेवते. देशांतर्गत तिकिटंही लावता येतात, पण तेव्हाच्या ७८ सेंटच्या हिशोबाने दोन लावली तर १४ सेंट कमी पडायचे.

वजनाचा अंदाज असा: साधा कागद साडेचार-पाच ग्रॅम, लांबट पाकीट सहा-सात, चार बाय सहाचा फोटो चारच्या आसपास. चार कागद किंवा तीन कागद आणि एक फोटो बसतो. त्याहून जास्त लिहायचं असेल तर दोन्ही बाजूंनी लिहा किंवा पोस्टात वजन करून घ्या. पाकीट पाव इंचापेक्षा जाड झालं की ते पत्राच्या दरात बसत नाही. चौकोनी शुभेच्छापत्रांना वेगळा अधिभार पडतो, कारण ती यंत्रातून जात नाहीत.

पाकिटात फक्त कागद घाला. राखी, बिया, टिकल्यांचं पाकीट म्हणजे वस्तू झाल्या, त्या पार्सलच्या दराने आणि कस्टमचा फॉर्म भरून जातात. नोटा तर मुळीच घालू नका.

पत्ता बॉलपेनने लिहा. जून ते सप्टेंबर कोकणात पत्र ओलं होणारच, आणि जेल पेनची शाई पसरते. तिकिटावर चिकटपट्टी लावायची नाही, तसं केलं की ते बाद धरतात. अगदी वर डाव्या कोपऱ्यात आपला पत्ता 'यूएसए'सकट हवा, नाहीतर न पोचलेलं पत्र परत येणार कुठं? 'बाय एअरमेल' लिहा, हरकत नाही, पण २००७ पासून इथली परदेशी पत्रं विमानानेच जातात. साधारण दोन ते चार आठवडे धरा. म्हणून गणपतीचं पत्र मी श्रावण लागतानाच टाकते.

महत्त्वाचे कागद मात्र असे टाकू नयेत. कुलमुखत्यारपत्रासारखी मूळ कागदपत्रं रजिस्टर्ड किंवा एक्सप्रेसने पाठवा. रजिस्टर्डचा नंबर तेरा अक्षरी असतो, 'आर'ने सुरू होतो आणि 'यूएस'ने संपतो. तोच भारतीय डाकच्या संकेतस्थळावर टाकून माग काढता येतो. घरच्यांना सांगून ठेवा की पाकीट फेकू नका. परदेशात केलेल्या दस्तावर तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो, आणि कधी पोचला हे दाखवायला पाकिटावरचा शिक्का उपयोगी पडतो.

उत्तर यायचं असेल तर त्याचीही सोय आपणच करावी. अमेरिकेची तिकिटं भारतात चालत नाहीत, आणि उत्तरासाठीची आंतरराष्ट्रीय कूपनं इथल्या टपालखात्याने २०१३ मध्ये विकायची बंद केली. मी गावी गेले की भारतीय तिकिटं घेऊन आत्याकडे ठेवते. माझा पत्ता छापलेल्या चिकटचिठ्ठ्या दर पत्रात दोन-तीन घालते, म्हणजे तिला इंग्रजी लिहायला कुणाला शोधावं लागत नाही. चिठ्ठी चिकटवायची आणि पत्र पेटीत न टाकता पोस्टात हातात द्यायचं, म्हणजे वजन होतं आणि तिकीट कमी असेल तर तिथंच कळतं.