पायवाटेचं क्रॉसिंग आणि कडेची हिरवळ सुधारताय? या चुका टाळा

पायवाट जिथे वाहता रस्ता ओलांडते, तो कोपरा सुधारायचं रहिवाशांनी मनावर घेतलं की पहिल्याच बैठकीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "रविवारी पट्टे मारून टाकू" आणि "कडेने मस्त झाडं लावू". हेतू चांगलाच असतो, पण या कामातल्या बहुतेक चुकांची सुरुवात इथेच होते. त्या निस्तरायला पुढे मूळ कामापेक्षा जास्त ताकद लागते.

क्रॉसिंगच्या तोंडाशी दाट झुडपं

माझ्या मते ही सगळ्यात घातक चूक. रोप आणतो तेव्हा ते वीतभर असतं आणि पूर्ण वाढल्यावर केवढं होईल हे कुणी विचारत नाही.

आमच्या भागात एका गटाने पायवाटेच्या दोन्ही तोंडांशी फुलझाडं लावली. ती जगली, फोफावली, सगळ्यांनी कौतुक केलं. पहिला पावसाळा सरेपर्यंत ती मोठ्या माणसाच्या छातीला लागली होती. मग एका सकाळी सायकलवरची एक लहान मुलगी त्या झुडपांमागून थेट रस्त्यावर आली. गाडी हळू होती, करकचून ब्रेक लागला, मुलगी वाचली. चालकाला दोष देण्यात अर्थ नव्हता, त्याला ती दिसणंच शक्य नव्हतं. आम्ही झुडपं छाटायला गेलो तर ज्यांनी ती वाढवली होती तेच आडवे आले. "एवढ्या कष्टाने वाढवलीत आणि आता कापायची?" वाद लांबत गेला. शेवटी मी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला नेलं, गाडीत बसलेल्या चालकाची नजर जितक्या उंचीवर असते तितकं वाकायला लावलं आणि एका मुलाला झुडपांमागे पायवाटेवर उभं केलं. तो कुणालाच दिसला नाही. त्याच आठवड्यात झुडपं उपटून आत, हिरवळीच्या मागच्या कडेला हलवली.

यामागचं गणित साधं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला जवळपास तेवढंच अंतर आणखी लागतं. म्हणजे माणूस निदान २८ मीटरवरून दिसायला हवा, ओल्या रस्त्यावर त्याहूनही लांबून. वेग ३० वर आणला तर हेच अंतर निम्म्यापेक्षा कमी होतं.

त्यामुळे क्रॉसिंगजवळ मी पूर्ण वाढूनही ६० सेंटीमीटरच्या आत राहील तेवढंच लावू देते. मोठं झाड हवं तर मागे सरकवून, आणि खालच्या फांद्या डोक्याच्या बऱ्याच वर ठेवून. क्रॉसिंगला खेटून उभी केलेली गाडीही झुडपासारखीच आड येते, म्हणून तिथे पार्किंग बंद करून घ्या.

आधी पट्टे, मग बाकीचं

घाई करणाऱ्या नव्या मंडळींचं हे आवडतं काम, कारण संध्याकाळपर्यंत फोटो तयार होतो. पण नुसत्या रंगाने गाडी थांबत नाही. उलट पायी चालणारा निर्धास्त होतो. साधा रंग ओला झाला की सायकल घसरते, आणि परवानगीशिवाय रंगवलेलं पुसायलाही लावतात.

गाड्यांचा वेग खरोखर कमी करतं ते फुटपाथच्या पातळीपर्यंत उचललेलं क्रॉसिंग, किंवा त्या जागी अरुंद केलेला रस्ता. रस्ता रुंद असेल तर मधोमध थांबायला जागा हवी. सात मीटर ओलांडायला धडधाकट माणसाला सहाएक सेकंद लागतात, सावकाश चालणाऱ्या वृद्धाला नऊ. त्या नऊ सेकंदांत ५० च्या वेगातली गाडी १२५ मीटर पुढे आलेली असते. मधली जागा ओलांडण्याच्या दिशेने दोन मीटर रुंद ठेवा, नाहीतर बाबागाडीचं किंवा सायकलचं चाक रस्त्यात राहतं.

आराखड्याआधी मी त्या जागी नुसती उभी राहते. सकाळी, संध्याकाळी, अंधारात आणि पावसातही. लोक खरंच कुठून ओलांडतात ते गवतात पडलेली वाट सांगते. ती ठरवलेल्या जागेपासून लांब असेल तर क्रॉसिंग तिकडे न्या. कठडे घालून लोकांना वळवायला गेलात तर ते कठड्यावरून उड्या मारतील.

झाडं लावली, पाणी कुणी घालायचं?

पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार त्यांची नावं आधी, रोपं नंतर. यावर मी अडून बसते. नावं चार आली तर झाडं चारच लावा. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या, म्हणजे ते मुळांपर्यंत पोचतं. खड्डा रुंद हवा, फार खोल नको. खोड जिथे रुंदावून मुळं सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. पालापाचोळ्याचं पाच ते आठ सेंटीमीटर आच्छादन घाला, पण खोडाला टेकू देऊ नका. खोडाभोवती त्याचा ढीग केला की साल कुजते.

आणखी थोडं

फुटपाथवरून रस्त्यावर येणाऱ्या उताराच्या तळाशी दोन बोटं पायरी राहिली तरी व्हीलचेअर अडते.

तिथेच पाणी साचतं, म्हणून निचरा आधी पाहा.

दिवा असा हवा की येणाऱ्या चालकाला ओलांडणाऱ्याचं उजळलेलं अंग दिसेल. तो माणसाच्या पाठीमागे असला तर नुसती काळी आकृती दिसते.

खणण्याआधी जमिनीखालच्या केबल आणि पाइप कुठून जातात ते संबंधित खात्याकडून नकाशावर दाखवून घ्या.

परवानगी लेखीच मागा. अर्जाला जागेचा आराखडा आणि तुम्ही केलेली वाहनांची व पादचाऱ्यांची मोजणी जोडा, पोचपावती घ्या आणि तिच्या प्रती गटातल्या निदान तिघांकडे ठेवा.