‘अंदाजाने घाल’ म्हणजे नेमके किती?

घरातल्या जाणत्या माणसाकडून स्वयंपाक शिकताना ‘किती घालू?’ असे विचारले की बहुधा ‘अंदाजाने घाल’ असे उत्तर मिळते आणि शिकणारा हिरमुसतो. त्याऐवजी ‘झाले हे तुला कशावरून कळले?’ असे विचारावे. आई किंवा आजी मापापेक्षा खुणांवर चालते, त्यामुळे या प्रश्नाला ती मोकळेपणाने आणि तपशिलाने उत्तर देते.

सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा होणारा एकच पदार्थ निवडावा. पुरणपोळीसारखा सणाचा पदार्थ आरंभी घेऊ नये, कारण झालेली चूक सुधारण्याची संधी थेट पुढच्या सणाला मिळते. माझ्या मते तुरीच्या डाळीची आमटी सर्वांत उत्तम, कारण तिच्यात कान, नाक आणि जीभ या तिघांनाही काम असते. तेलात मोहरीचे दोन दाणे टाकून पाहावेत. ते लगेच तडतडले तरच उरलेली मोहरी घालावी आणि तडतड ओसरू लागली की जिरे, हिंग, कढीपत्ता व सर्वांत शेवटी हळद घालून लगेच शिजलेली डाळ ओतावी, कारण हळद क्षणात करपते आणि आमटी कडवट होते. चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावे. आंबट आधी पडले तर डाळ शिजायला फार वेळ लागतो. त्यानंतर गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी उकळू द्यावी आणि चिंचेचा कच्चा वास गेला की नाही हे नाकाने ठरवावे. चव घेताना आधी आपल्या मनाशी काय कमी आहे ते ठरवावे, मग आईला चाखायला देऊन तिचे मत विचारावे. माझी जीभ या एका सवयीने जितकी तयार झाली, तितकी वहीत टिपणे काढून कधीच झाली नाही.

हाताच्या मापाविषयी मात्र सावध राहावे. माझी चिमूट आईच्या चिमटीपेक्षा मोठी आहे हे लक्षात न आल्याने माझ्या पहिल्या काही भाज्या खारट झाल्या होत्या. शिवाय जाड्या मिठाच्या चिमटीपेक्षा बारीक मिठाची चिमूट अधिक खारट असते. म्हणून तिची मूठ आणि आपली मूठ एकदा त्याच वाटीत रिकामी करून फरक पाहून ठेवावा.

ज्वारीच्या भाकरीच्या बाबतीत तर माप उपयोगीच पडत नाही. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पीठ गरम पाण्यात मळतात, आणि पाणी किती लागेल हे दळण किती ताजे आहे यावर ठरते. विरी गेलेल्या, म्हणजे जुने होऊन चिकटपणा गमावलेल्या पिठाची भाकरी कितीही मळले तरी थापताना चिरते. आजीने मळलेला गोळा एका हातात आणि आपला दुसऱ्या हातात घेऊन दाबून पाहावा. जो फरक शब्दांत सांगता येत नाही तो बोटांना लगेच कळतो. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून लावलेले पाणी पुरते सुकण्याच्या आत ती उलटावी.

काही दिवसांनी जागा बदलावी: आपण शेगडीपाशी आणि आई स्टुलावर. पान वाढेपर्यंत तिने काही सुचवू नये, अशी तिला विनंती करावी; तिला हे जड जाते, पण आपले निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात.

परगावी किंवा परदेशी राहणाऱ्यांनी फोन कढईजवळ धरावा, म्हणजे फोडणीचा आवाज तिला ऐकू जातो. वास मात्र शब्दांत सांगावा लागतो. लाडवाचे बेसन भाजताना माझी आई फोनवर रंगाआधी उलथने जड लागते की हलके, हे विचारते, कारण सुरुवातीला गोळा होऊन चिकटणारे बेसन भाजत आले की सैल पडते; उलथने सहज फिरू लागले, कडेने तूप सुटले आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर पोहोचला असे मी सांगितले की मगच ती गॅस बंद करायला सांगते.